डबल बेल : पळस पावसाळ्यात?

(लिहिण्या-वाचण्याविषयीचे वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणार एक निवृत्त एसटी वाहक, जे कथाही लिहितात.)

प्रश्न : काका, मी बार्शीला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. वय 36. दोन वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाच्या ऑनलाइन अंकात आजोबांवर लिहायला लागले. आजोबा बार्शी लाइट रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारे होते, त्या अडीच फुटी रुळांच्या गाडीवर. लेखाखाली माझा ईमेल असायचा. तिसऱ्या लेखानंतर एक पत्र आलं. नाव नाही, गाव नाही, खाली फक्त 'एक प्रवासी'. पुढे जवळजवळ प्रत्येक लेखाला त्यांचं पत्र यायचं. रविवारी लेख, मंगळवारी पत्र. खरं सांगते, मी त्या मंगळवारासाठीच लिहायचे. गेल्या दिवाळीपासून पत्र बंद झालं आणि माझं लिहिणंही. रात्री भांडी आवरून बसते, दोन ओळी लिहिते, पुसते. नवरा म्हणतो, "एका माणसासाठी कुणी लिहितं का?" मलाही वाटायला लागलंय की ही उमेद उसनीच होती. शेवटच्या पत्रात त्यांनी विचारलं होतं, "आजोबांचा डबा स्टेशनवर कोण पोचवायचं?" त्यानंतर काहीच नाही. त्यांना शोधू का? की हे खूळ सोडून देऊ?
— क. द., बार्शी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं बार्शी लाइटसाठी. एसटीवाल्यानं रेल्वेवर जीव लावू नये असा काही नियम नाही. कुर्डुवाडी-बार्शी लाइन 1897 ची. आमची पहिली गाडी पुणे-नगर, 1 जून 1948 ची. म्हणजे तुमच्या आजोबांची गाडी आमच्या गाडीहून 51 वर्षांनी थोरली. दुसऱ्यांदा वाचलं ते तुमच्या प्रश्नासाठी. तिसऱ्यांदा मी त्यात एक गोष्ट शोधत होतो. ती सापडली नाही. कोणती, ते नंतर सांगतो. आधी माझी हकीकत ऐका, कारण आपल्या दोघांचं तिकीट एकाच टप्प्याचं आहे.

मी 1988 ते 2015 देवरुख डेपोत वाहक होतो. लोक मास्तर म्हणायचे. शाळेत नापास झालेल्या माणसाला रोज शंभर जणांनी मास्तर म्हणणं यात काय सुख असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. लिहायची खोड मला मुक्कामी गाडीनं लावली. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात जायचं, रात्री तिथंच झोपायचं, पहाटे पहिली गाडी घेऊन परत. आठ वाजता वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरं झालं, पैसे मोजून पिशवीत बांधले, की पुढं करायचं काय? ड्रायव्हर तात्या घोरायला मोकळे. मी टॉर्च लावून वही काढायचो.

2009 साली कोल्हापुरकडच्या एका लहानशा दिवाळी अंकात माझी मुक्कामी गाडीची कथा आली. मानधन म्हणून त्याच अंकाच्या दोन प्रती. संपादकांनी ईमेल मागितला, माझा नव्हता, म्हणून भाच्याचा दिला. अंक निघाला, फराळ संपला, कुणी हूं की चूं केलं नाही. डेपोत एकानं विचारलं, "मास्तर, छापायला किती घेतात?" जानेवारीत भाच्याचा फोन आला. म्हणाला, मामा, तुझ्या नावानं काहीतरी आलंय. वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या.

"कथा वाचली. टपावर झोपताना ड्रायव्हरने पाय कुठल्या दिशेला केले होते?"

खाली सही 'वाचक'. बस. ना 'आवडली', ना 'छान'. मला राग आला. दहा पानं लिहिली ती काय पाय मोजायला? तीन दिवस तो राग घेऊन मी ड्युटी केली. चौथ्या दिवशी साखरप्याच्या पुढं गाडी चढाला लागली आणि रॉडला धरून उभा असताना एकदम डोळ्यांसमोर आलं. तात्या पाय नेहमी बॉनेटकडं करायचे. कधीही उलटे झोपले नाहीत. का?

कारण गाडी उतारावर लावलेली असायची. मार्लेश्वरच्या वाटेवरच्या त्या गावात देवळापाशी सपाट जागा होती, पण तात्या तिथं गाडी कधी लावत नसत. थोडं पुढं नेऊन, नाक उताराकडं करून, मागच्या चाकांना दगड लावून उभी करायचे. पहाटे थंडीत बॅटरी बसली, सेल्फ लागला नाही, तर धक्का मारायला त्या वाडीत माणसं आणायची कुठून? दगड काढला की गाडी आपली आपण गडगडते, गिअर टाकला की इंजिन घेतं. आता गाडीचं नाक खाली म्हणजे टपही पुढं कललेला. डोकं उंचावर हवं तर पाय बॉनेटकडंच जाणार. तात्यांच्या झोपेतसुद्धा उद्याच्या पहिल्या फेरीची काळजी होती. हे मी अकरा वर्षं शेजारी झोपून पाहिलं होतं आणि दहा पानांत एका शब्दानं लिहिलं नव्हतं. लिहिलं काय होतं, तर चांदणं.

त्या पायांवर माझी दुसरी कथा झाली. माझ्या मते मी लिहिलेली पहिली खरी कथा तीच.

मग हे सुरूच राहिलं. सहा वर्षांत अकरा पत्रं, मी वहीत मांडून ठेवलीत. प्रत्येकात एकच प्रश्न. "पंच वाजतो तेव्हा प्रत्येक वेळी टिकटिकच होतं का?" नाही होत. रिकामा पंच टिकटिकतो, मध्ये तिकीट असलं की आवाज दबून टच् असा येतो. गर्दीत मान न वळवता केवळ आवाजावरून कळायचं की आपण तिकीट फाडलंय की नुसतंच वाजवतोय. "हिशेबात सुटे कमी पडले तर खिशातून भरताना वाहकाला बायको आठवते की मुलं?" या प्रश्नावर मी दोन महिने अडकलो होतो. (बायको. मुलं नंतर, मनिऑर्डर करताना.) एकदा मी कथेत आषाढातल्या पावसात पळस फुलवून ठेवला. चित्र झकास झालं होतं, संपादकांनीही कौतुक केलं. भाच्याचा फोन आला. पत्र दोन शब्दांचं.

"पळस पावसाळ्यात?"

मी कोकणातला माणूस, होळीच्या सुमारास घाटातून जाताना उघड्याबोडक्या झाडांवर ती केशरी फुलं आयुष्यभर पाहत आलोय. लाज वाटली. पण दुसऱ्या बाजूनं बरंही वाटलं, की कुणीतरी इतकं बारीक वाचतंय. स्तुती मला त्यानंतर थोडीफार मिळाली, एक पुरस्कारही मिळाला, त्याची शाल बायको थंडीत वापरते. लिहायला बसवलं मात्र कुठल्या स्तुतीनं नाही.

ईमेलवाला कसा दिसत असेल हेही मी ठरवून टाकलं होतं. सत्तरीचा, मुंबईत गिरगावात किंवा दादरला राहणारा, मूळचा संगमेश्वराकडचा, जाड भिंगाचा चष्मा, कुठल्यातरी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. मनात मी त्याला 'अण्णा' म्हणायचो. कथा लिहिताना अण्णा मागच्या लांब बाकड्यावर बसलेले असायचे. तिथं धक्के सगळ्यात जास्त बसतात, तरी काही माणसं मुद्दाम तिथंच बसतात, अख्खी गाडी दिसते म्हणून.

2015 ला मी निवृत्त झालो. आता वेळच वेळ. आणि त्याच वर्षी अण्णांची पत्रं थांबली. चौदा महिने मी एक पान लिहिलं नाही. बायकोला वाटलं निवृत्तीचा धक्का आहे, तिनं कडधान्यं मोड आणून खायला घातली. मी रोज भाच्याला विचारायचो, आलं का काही? शेवटी मी मानून टाकलं की अण्णा गेले. त्यांच्या नावानं मी एक दिवस, सांगायला संकोच वाटतो, पण गोड खाल्लं नाही.

भाचा हुशार. म्हणाला, मामा, आपण त्यांनाच का विचारत नाही? त्यानं दोन पत्रं पाठवली. "महोदय, आपला प्रतिसाद बऱ्याच दिवसांत प्राप्त झालेला नाही. तरी कृपया कळवावे." असली पत्रं आम्ही डेपोत वीस वर्षं पाहिली होती आणि वीस वर्षं त्यांना उत्तरं दिली नव्हती. इथंही आलं नाही. मग मी त्याच्या फोनवर स्वतः एका बोटानं टाइप केलं. अर्धा तास लागला.

"पळस फाल्गुनात. चूक माझी."

चौथ्या दिवशी उत्तर आलं. ते मोठं होतं.

अण्णा नव्हतेच. मुलगी होती. पहिलं पत्र पाठवलं तेव्हा अकरावीत शिकत होती, आता एका हॉस्पिटलात परिचारिका. तिचं नाव लिहीत नाही, नको म्हणालीय. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर, आमच्या डेपोचे नाहीत. आठवड्यातून चार रात्री मुक्कामाला, घरी आले की जेवून झोपायचे, बोलणं दोन वाक्यांचं. रात्री बाबा कुठं, कसे झोपतात, हे तिला लहानपणापासून माहीत करून घ्यायचं होतं, विचारायची सोय नव्हती. तेवढ्यात माझी कथा हाती आली. पत्रं का थांबवलीस, असं मी विचारलं. तिनं सरळ सांगितलं, "शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, मग नोकरी लागली, मग राहून गेलं." राहून गेलं! इकडं मी गोड सोडून बसलो होतो. पुढची ओळ मात्र अशी होती, "आणि मला वाटलं, माझ्या प्रश्नांचा तुम्हाला त्रास होतोय. सहा वर्षांत तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत."

ताई, खरंच दिलं नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला मी एक अख्खी कथा लिहिली, आणि विचारणाऱ्याला 'पत्र पोचलं' एवढंही कळवलं नाही. मला वाटायचं, कथा वाचतील तेव्हा कळेलच. कसं कळणार? माझ्या कथा कुठल्या अंकात येतात हे मलाच दिवाळी उलटल्यावर कळायचं.

आता तुमच्या पत्रात जे शोधत होतो ते सांगतो. प्रवाशाची पत्रं किती यायची, कुठल्या वारी यायची, कधी थांबली, सगळं आहे. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत याची एक ओळ नाही. दिलं असेल तर माझे कान धरा. पण दोन वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर लोकांच्या शंका ऐकून आल्यावर घरी कुणाला उत्तर द्यायचं त्राण उरत नसेल, हे मी समजू शकतो. मलाही दिवसभर 'गाडी कधी सुटणार' ऐकून कुणाच्याही प्रश्नाचा वीट यायचा.

म्हणून शोधू नका. आयपी का काय ते काढून देतो म्हणणारी पोरं भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. जो माणूस स्वतःला 'एक प्रवासी' म्हणवतो त्याला गाव विचारू नये, तो अधिकार फक्त वाहकाचा, आणि तोही तिकिटापुरता. तुमच्याजवळ त्यांचा पत्ता आहेच. त्यावर आजोबांचा डबा कोण पोचवायचं ते लिहून पाठवा. 'का लिहीत नाही', 'बरे आहात ना' असलं काही नको. फक्त डबा. आजी न्यायची की शेजारचं पोर? कपड्यात बांधलेला की कडीचा? कोळशाच्या हातानं भाकरी धरायचे की आधी इंजिनाच्याच गरम पाण्यानं हात धुवायचे? तुम्हाला माहीत नसेल तर घरात थोरली आत्या असेल, तिला फोन करा. आणि हे मी पैजेवर सांगतो, ते पत्र दोन ओळींत संपणार नाही. संपलं नाही की तोच तुमचा पुढचा लेख.

उत्तर येईल का? ते माझ्या हातात नाही. माझी परिचारिका निघाली म्हणून तुमचा प्रवासीही सुखरूपच निघेल असं मी म्हणणार नाही.

उसन्या उमेदीचं म्हणाल, तर मला त्यात कमीपणा दिसत नाही. धक्का मारून सुरू केलेली गाडी पुढं आपल्याच डिझेलवर रत्नागिरीला जाते. धक्का मारणारे गावातच राहतात, त्यांना कुणी तिकीट मागत नाही.

आणि तुमच्या यजमानांना सांगा, एका माणसासाठी लिहितात. बहिणाबाईंना तर लिहिताही येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणत गेल्या आणि सोपानदेवांनी ते उतरवून घेतलं. 1951 ला त्या गेल्या, पुस्तक 1952 चं. म्हणजे हयातीत त्यांना वाचक किती होते ते यजमानांनाच मोजू द्या. देवरुखला संस्कृत शिकवणारे एक गुरुजी रोज माझ्या गाडीला असायचे. ते सांगायचे, आपल्या विदर्भातला संस्कृत नाटककार भवभूती, त्याला त्याच्या काळात लोकांनी नावं ठेवली तेव्हा तो म्हणाला, माझा समानधर्मा, म्हणजे माझ्यासारख्याच मनाचा कुणी, कधीतरी जन्मेल, काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी मोठी आहे. गुरुजी हे संगमेश्वर स्टॅंडवर उतरता उतरता म्हणायचे आणि छत्री विसरायचे. मला वाटतं भवभूतीचं एक बरं होतं, मंगळवारी पत्र आलं का हे बघायला त्याच्याकडं फोन नव्हता.

प्रश्न : माझ्या प्रत्येक लेखावर एक अनोळखी गृहस्थ शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवतात. मजकुराबद्दल अवाक्षर नाही. माझा लिहिण्याचा हुरूपच जातो. त्यांना ब्लॉक करू का?
— वि. ग., सांगली

उत्तर : करा. पण आधी एक सांगतो. तुमच्या मूळ पत्रात 'आणी' हा शब्द आठ वेळा आलाय, तो आमच्या संपादकांनी नीट करून वरचं छापलंय. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, हे तुम्ही बरोबर लक्षात ठेवलंत. 'आणि' नि 'नि' हे त्याला अपवाद, ते तेवढे राहिले. महामंडळाचे (एसटीच्या नव्हे, मराठी साहित्य महामंडळाचे) नियम अवघे अठरा आहेत, एका दुपारी वाचून होतात. तेवढे वाचा आणि पुढचा लेख बिनचूक पाठवा. गृहस्थांना मजकुराबद्दल बोलण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. तरी बोलले नाहीत, तर खुशाल ब्लॉक करा, माझं नाव सांगा.

प्रश्न : नमस्कार. मी तीस वर्षांपासून न्यू जर्सीत. मराठी अंक आता फोनवर वाचतो. एखादी कथा फार आवडते, लेखकाला कळवावंसं वाटतं, पण 'खूप सुंदर' यापुढे हात चालत नाही. लेखकाला नेमकं काय लिहावं?
— नाव नको

उत्तर : 'खूप सुंदर' लिहिलंत तरी कुणी परत पाठवत नाही, ते आधी पाठवून टाका. मग जमलं तर कथेतली एखादी गोष्ट विचारा, जी वाचताना तुम्हाला दिसता दिसता राहिली. किंवा वाचताना तुमच्या घरात काय चाललं होतं ते लिहा. मला एकदा एका बाईंनी कळवलं होतं की तुमच्या कथेपायी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ खाली लागली. ते पत्र मी अजून पाकिटात ठेवलंय. लांबी दोन ओळी पुरे. नाव लिहिलं नाहीत तरी चालतं, पण उत्तर आलं तर पोच द्या.

सराव म्हणून पहिलं पत्र मला पाठवलंत तरी हरकत नाही, पत्ता सदराखाली आहे. फक्त पळसाचं काढू नका. ते झालंय.